दोन सूर्योदयांचे उड्डाण

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे पर्थ आणि श्रीलंकेच्या दक्षिण टोकाजवळचे कोग्गला या दोन ठिकाणांमध्ये पृथ्वीच्या गोलावर सर्वांत जवळची रेघ ओढली, तर ती सुमारे ५,६५० किलोमीटर भरते. हिंदी महासागर ती तिरकी कापत जाते. वाटेत, जवळजवळ बरोबर मध्यावर, कोकोस बेटांचा ठिपका लागतो. त्याखेरीज सगळे पाणीच. आजचे जेट विमान हे अंतर सातएक तासांत पार करील. १९४३ ते १९४५ या काळात याच रेघेवरून एक नियमित सेवा चालत होती. तिला एका फेरीत २७ ते ३३ तास लागत, आणि ते सारे तास हवेत जात. मध्ये उतरणे नाही, इंधन भरणे नाही. यातले एक उड्डाण ३२ तास ९ मिनिटे चालले. विमानाच्या नियमित प्रवासी सेवेत सलग इतका वेळ आकाशात राहण्याचा विक्रम आजही याच सेवेच्या नावावर आहे.

विमानप्रवासाचा इतिहास बहुधा वाढत्या वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. नवे इंजिन आले, नवे विमान आले, तास कमी झाले. हे खरे आहे, पण अर्धे खरे आहे. दोन शहरांमधले अंतर पृथ्वीने ठरवलेले असते. प्रवासाला लागणारा वेळ मात्र इंधनाचे वजन, वाऱ्याची दिशा आणि कोणते आकाश कोणाच्या ताब्यात आहे यांवर ठरतो. पर्थ–कोग्गला सेवेच्या इतिहासात या तिन्ही गोष्टी जितक्या उघड दिसतात तितक्या मला दुसरीकडे कुठे दिसलेल्या नाहीत.

युद्धापूर्वी या रेघेवरून कोणी उडत नव्हते. ऑस्ट्रेलियाहून इंग्लंडला जाणारी विमाने किनारे आणि बेटे धरून जात. १९३८ पासून सिडनी ते साउदॅम्प्टन हा प्रवास उडत्या नौकांनी होऊ लागला. पाण्यावरून उड्डाण करणारी आणि पाण्यावरच उतरणारी ही चार इंजिनांची मोठी विमाने होती. सिडनी ते सिंगापूर हा टप्पा क्वांटास कंपनी सांभाळी, पुढचा ब्रिटिशांची इम्पीरियल एअरवेज. सगळा प्रवास नऊ-दहा दिवसांचा. दिवसा उडायचे, दिवसातून दोन-तीनदा उतरून इंधन घ्यायचे, रात्री हॉटेलात झोपायचे. हिंदुस्थानात ही विमाने कलकत्ता, अलाहाबाद, ग्वाल्हेर, उदयपूरजवळचा राजसमंद तलाव आणि कराची अशा टप्प्यांनी जात. धावपट्टीची गरज नव्हती, नदी किंवा मोठा तलाव पुरे. म्हणून शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानातला एक जलाशय काही काळ सिडनी–लंडन मार्गावरचा थांबा होऊन गेला. कराचीला उतरलेले टपाल पुढे आपल्याकडे येण्याची सोय आधीच झालेली होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा छोटेसे पस मॉथ विमान स्वतः चालवत कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, ते याच विलायती टपालाचा मुंबई-मद्रासचा फाटा सुरू करण्यासाठी.

बेटाबेटांवरून जाणारा हा मार्ग सावकाश होता, पण शहाणपणाचा होता. विमानाला थोड्या थोड्या अंतरावर इंधन मिळत असेल, तर ते पोटात कमी इंधन आणि जास्त माणसे घेऊन उडू शकते. थांबे काढून टाकले की इंधन वाढते आणि माणसे कमी होतात. त्या काळचे मार्ग वाकडे होते ते या हिशेबामुळे.

हिंदी महासागर सरळ ओलांडता येईल का, याची चाचपणी मात्र झाली होती. जून १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे नामवंत वैमानिक पी. जी. टेलर यांनी अमेरिकन संशोधक रिचर्ड आर्चबोल्ड यांच्या ‘गुबा’ नावाच्या कॅटालिना विमानातून वायव्य ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट हेडलँडहून आफ्रिकेच्या मोंबासापर्यंतचा मार्ग तपासला. कोकोस आणि दिएगो गार्सिया या बेटांवरून जायचे होते. पहिल्याच टप्प्यात दाट ढगांमुळे कोकोस बेटे सापडेनात, तेव्हा त्यांना बटाव्हियाकडे, म्हणजे आजच्या जाकार्ताकडे वळावे लागले. कोकोसला ते नंतर पोचले. टेलर हे काही नवशिके नव्हते. त्यांच्यासारख्याला ही बेटे चुकली, यावरून त्या महासागरात एखादे बेट हुडकणे किती कठीण होते ते कळते. मोहीम पुरी झाली, अहवाल लिहिले गेले, आणि सप्टेंबरात युरोपात युद्ध पेटले.

जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि भूमध्य समुद्रावरचा मार्ग बंद पडला. तरीही ऑस्ट्रेलियाचा धागा तुटला नाही. सिडनीहून सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो करत थेट दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनपर्यंत घोड्याच्या नालेसारखा वळसा घेणारा मार्ग सुरू झाला. डर्बनहून पुढे बोटीने इंग्लंड. हा धागा तुटला तो १९४२ च्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत.

३० जानेवारीला तिमोर बेटाजवळ क्वांटासची ‘कोरिओ’ ही उडती नौका जपानी लढाऊ विमानांनी पाडली. आतल्या १८ जणांपैकी १३ दगावले. जखमी कप्तान ऑब्री कॉक पोहत किनाऱ्याला लागले. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडले. चार दिवसांनी डार्विनवर बॉम्ब पडले, तेव्हा कॉक तिथल्याच इस्पितळात होते. बंदरात नांगरलेली ‘कॅमिला’ कप्तान हसी आणि कप्तान क्राउदर यांनी हल्ला ओसरताच उडवून बाहेर काढली. या बिल क्राउदरचे नाव लक्षात ठेवावे, पुढे ते पुन्हा येणार आहे. २८ फेब्रुवारीला ‘सर्सी’ जावाहून ब्रूमला येताना सगळ्या प्रवाशांसह नाहीशी झाली. ३ मार्चला खुद्द ब्रूमच्या खाडीवर जपानी विमाने आली. जावाहून पळून आलेल्या डच कुटुंबांनी भरलेल्या उडत्या नौका पाण्यावर उभ्या होत्या. लहान मुलांना घेऊन आया आतच बसल्या होत्या. काही मिनिटांत पंधराएक उडत्या नौका जळाल्या, त्यांत क्वांटासची ‘कोरिना’ही होती. कंपनीचे लेस्टर ब्रेन त्या वेळी तिथेच होते. ते होडी घेऊन पाण्यात गेले आणि जिवंत सापडले त्यांना ओढून बाहेर काढत राहिले.

नकाशावर याचा अर्थ असा होता. सिंगापूर गेले, जावा गेले, सुमात्रा गेले, मार्चअखेर अंदमानही गेले. ऑस्ट्रेलिया आणि हिंदुस्थान यांच्यामधली बेटांची रांग शत्रूच्या हाती पडली. उडी मारायला पायरीच उरली नाही. लंडनशी संबंध ठेवायचा तर पॅसिफिक ओलांडून अमेरिकेमार्गे जायचे, नाहीतर बोटीने. युद्ध चालवणाऱ्या सरकारांना हे परवडणारे नव्हते.

क्वांटासचे प्रमुख हडसन फिश यांनी हिंदी महासागर थेट ओलांडण्याचा आग्रह धरला. कंपनीजवळ माणसे होती, अनुभव होता, पण लागेल तसे विमान नव्हते. ब्रिटिश हवाई खात्याने शेवटी कॅटालिना जातीची विमाने दिली, एकूण पाच. दोन इंजिनांची, पाण्यावर उतरणारी ही अमेरिकी गस्तीची विमाने होती. वेग बेताचा, पण तासन्तास उडत राहण्याची ताकद विलक्षण. त्यांना ताऱ्यांची नावे दिली: अल्टेअर स्टार, व्हेगा स्टार, रायगेल स्टार, अँटारेस स्टार, स्पायका स्टार. आपल्याकडे हेच तारे श्रवण, अभिजित, राजन्य, ज्येष्ठा आणि चित्रा म्हणून ओळखीचे आहेत. दर्यावर्दी आणि वैमानिक दिशा काढण्यासाठी ज्या ताऱ्यांचा आधार घेतात, त्यांतलेच हे पाच.

पर्थमध्ये स्वान नदीच्या काठी नेडलँड्स इथे तळ उभा राहिला. त्याची सूत्रे बिल क्राउदर यांच्याकडे आली. पलीकडचे टोक होते श्रीलंकेत गालजवळचे कोग्गला. तिथल्या मोठ्या सरोवरावर ब्रिटिश हवाई दलाचा तळ आधीपासून होता. एप्रिल १९४२ मध्ये कोलंबोवर चालून येणारे जपानी आरमार लेनर्ड बर्चल या कॅनेडियन वैमानिकाने टिपले, ते इथूनच उडालेल्या कॅटालिनातून. बेटाला त्याने वेळेवर सावध केले आणि स्वतः युद्धकैदी झाला. या तळासाठी कोग्गला गाव उठवले गेले, याचा उल्लेख विमानांच्या इतिहासात सहसा येत नाही. सिंहली साहित्यातले थोर कादंबरीकार मार्टिन विक्रमसिंघे याच गावचे. गावातली घरे गेली, त्यांचे घर राहिले, आणि आता त्याच्या आसपास एक सुंदर लोकजीवन-संग्रहालय आहे. महासागरावरची वाट आखताना किनाऱ्यावरच्या कोणाच्या तरी अंगणातून ती जातेच. मला ही बाजू विमानांइतकीच महत्त्वाची वाटते.

१९४३ च्या मध्यावर उड्डाणे सुरू झाली. पहिल्या कप्तानांत रसेल टॅप यांचे नाव आघाडीवर आहे.

आता वजनाकडे वळू, कारण या सेवेचे सगळे मर्म वजनात आहे. ५,६५० किलोमीटर न थांबता जाण्यासाठी विमानात सुमारे ९,००० लिटर पेट्रोल भरावे लागे. नेहमीच्या टाक्या पुरेनात, म्हणून विमानाच्या पोटात आणखी टाक्या बसवल्या. एवढ्या पेट्रोलचे वजन साडेसहा टनांच्या घरात जाते. उड्डाणाच्या वेळी विमानाचे एकूण वजन १६ टनांच्या आसपास असे, आणि हे त्याच्या नेहमीच्या मर्यादेपेक्षा खूप जास्त होते. म्हणजे निघताना विमानाच्या वजनाचे पाचांतले दोन हिस्से निव्वळ पेट्रोल. जे काढता येईल ते काढून टाकले होते. पंखांवर बर्फ साचू नये म्हणून बसवलेली यंत्रणा काढली. थंडी आणि आवाज अडवणारे अस्तर काढले. इतके करून जागा उरली ती तीन प्रवाशांपुरती आणि ६९ किलो टपालापुरती.

तीन माणसे आणि ६९ किलो कागद पलीकडे न्यायला साडेसहा टन पेट्रोल, एवढे या रेघेचे मोल होते. प्रवासी कोण असत हे यावरूनच समजावे: वरिष्ठ लष्करी अधिकारी, सरकारी दूत, युद्धाच्या कामावरचे तज्ज्ञ. टपालही मुख्यतः राजनैतिक आणि लष्करी. घरी पत्र लिहिणाऱ्या साध्या शिपायांच्या वाट्याला त्या ६९ किलोंतले फारसे काही येत नसणार.

पाणी सोडताना अडचण होती ती वजनाची. नदीच्या पृष्ठभागावरून लांबवर धाव घेत विमान कसेबसे वर येई. त्यानंतर पहिले कित्येक तास एक इंजिन बंद पडले तरी सारे संपण्याची वेळ, कारण एवढे वजन एका इंजिनावर पेलणे शक्यच नव्हते. तसा प्रसंग आला तर हवेतच पेट्रोल सोडून द्यायचे आणि मिळेल तिथून मागे वळायचे. जसजसे पेट्रोल जळे तसतसे विमान हलके होई आणि जिवाची शाश्वती वाढत जाई. इतर प्रवासात किनारा मागे पडताना धोका वाढतो. या प्रवासात घर जितके दूर जाई तितके विमान सुरक्षित होत जाई. पण तोवर ते जपान्यांच्या टप्प्यात आलेले असे.

यावर उपाय म्हणजे वेळ साधायची. सुमात्रा, जावा, अंदमान इथल्या जपानी तळांवरची विमाने जिथवर पोचू शकतील तो पट्टा रात्री ओलांडायचा. म्हणून निघण्याची वेळ अशी धरत की अंधार पडेल तेव्हा विमान धोक्याच्या हद्दीत शिरलेले असावे आणि उजाडेपर्यंत बाहेर पडलेले असावे. याचा परिणाम असा की विमानातली माणसे एकाच प्रवासात दोनदा सूर्योदय पाहत, एक निघताना आणि दुसरा महासागराच्या दुसऱ्या बाजूला. यावरूनच या सेवेला ‘दोन सूर्योदयांचे उड्डाण’ हे नाव पडले. प्रवाशांना उतरल्यावर एक प्रमाणपत्र मिळे: ‘दोन सूर्योदयांच्या गुप्त मंडळा’चे सभासद झाल्याचे. चोवीस तासांहून जास्त वेळ आपण सलग आकाशात होतो, याचा तो पुरावा. युद्ध चालू असताना गुप्त सेवेच्या प्रवाशांना असा कागद द्यावासा वाटला, यात त्या माणसांचा अभिमान दिसतो, आणि तो रास्त होता.

विमानात दिवे नाहीत. बिनतारी यंत्र आहे, पण त्यावरून बोलायचे नाही, फक्त ऐकायचे. आपण संदेश पाठवला की शत्रूला जागा कळणार, म्हणून संकटाखेरीज ते मुके राही. हवामानाचे सांकेतिक संदेश कानावर येतील तेवढेच. रस्ता काढणारा अधिकारी रात्री सेक्स्टंट घेऊन ताऱ्यांची उंची मोजत असे. ढग आले तर तारे नाहीत. दिवसा एकटा सूर्य, आणि एका सूर्यावरून एका वेळी एकच रेघ मिळते, नेमकी जागा नाही. मग वाऱ्याने आपण किती वाहवत चाललो आहोत हे समुद्रावरून ठरवायचे. दिवसा पाण्यावर धुराची खूण टाकायची, रात्री ज्योतीची, आणि मागे पाहून ती किती कलली ते मोजायचे. हे एकदोनदा करून भागत नसे, रात्रभर चाले. यंत्र सांभाळणारा अभियंता पंखाखालच्या अरुंद खांबासारख्या कोठडीत बसून इंजिनांच्या सुया पाहत असे. पेट्रोल किती जळले, किती उरले, हा हिशेब त्याच्याकडे. बाकीच्यांनी चुका केल्या तर त्या सुधारायला अवकाश होता, त्याच्या चुकीला नव्हता.

आता २७ आणि ३३ या दोन आकड्यांकडे पुन्हा पाहावे. ५,६५० किलोमीटरला २७ तास लागले तर सरासरी वेग ताशी २०९ किलोमीटर येतो. ३३ तास लागले तर १७१. म्हणजे ताशी वीसएक किलोमीटरचा वारा, घरात बसलेल्या माणसाला सुखद झुळूक वाटावी असा, पाठीशी आला की समोरून आला एवढ्यावर प्रवास सहा तासांनी कमी-जास्त होई. आजच्या जेटचा वेग ताशी साडेआठशे-नऊशे असल्याने असा वारा त्याच्या खिजगणतीत नसतो. कॅटालिनासाठी तो सहा तासांचे पेट्रोल होता. प्रवासाला निघताना पोचण्याची वेळ सांगताच येत नसे, आणि ‘२७ ते ३३’ हा आकडा छापलेल्या वेळापत्रकापेक्षा मला जास्त प्रामाणिक वाटतो.

आत बसलेल्या तिघा प्रवाशांनी काय सोसले असेल! अस्तर नाही, म्हणून थंडी थेट पत्र्यातून. दोन्ही इंजिने डोक्यावरच, म्हणून बोलणे अशक्य. शेजारी पेट्रोलच्या टाक्या. खाली अंधार, वर अंधार, आणि कोणाशीही संपर्क नाही. त्यांत काही जण युद्धातले मुरलेले अधिकारी होते. तरी सव्वा दिवस काहीही न करता, दुसऱ्यांच्या आकडेमोडीवर भरवसा ठेवून बसून राहणे ही धाडसाची निराळीच जात आहे.

कोग्गलाहून पुढे कराचीपर्यंत जोड होती. तिथे ब्रिटिश विमानसेवेची गाठ पडे आणि इंग्लंडचा मार्ग लागे. काही काळाने क्वांटासची विमाने स्वतःच कराचीपर्यंत जाऊ लागली. तुटलेला धागा असा पुन्हा सांधला गेला.

१९४४ च्या जूनमध्ये लिबरेटर विमाने आली. ही मूळची बॉम्बफेकी, चार इंजिनांची, जमिनीवर उतरणारी. ती ऑस्ट्रेलियाच्या वायव्य कोपऱ्यातल्या लर्मंथहून कोलंबोजवळच्या रत्मलानाला जात. हे अंतर सुमारे ४,९०० किलोमीटर, वेळ सतरा तासांच्या आसपास. प्रवासीही जास्त मावत. क्वांटासच्या विमानावर कांगारूचे चित्र पहिल्यांदा रंगवले गेले ते या लिबरेटरांवर. कॅटालिना तरीही उडत राहिल्या. शेवटची फेरी जुलै १९४५ मध्ये झाली. एकूण फेऱ्या २७१. या सगळ्या फेऱ्यांत मिळून जेवढे लोक महासागर ओलांडून गेले त्यांची संख्या हजारही भरत नाही. आणि त्यांतल्या एकाचाही या विमानांवर जीव गेला नाही. एकही विमान समुद्रात पडले नाही.

ही गोष्ट मला थक्क करते. दोन इंजिने, मर्यादेबाहेरचे वजन, मुके बिनतारी यंत्र, शत्रूची विमाने, आणि २७१ वेळा सुखरूप. नशीब होतेच, पण नशीब २७१ वेळा धावून येत नाही. स्वान नदीच्या काठावर रात्री-बेरात्री इंजिने खोलून तपासणाऱ्या यांत्रिकांची नावे इतिहासात फारशी आलेली नाहीत. ती यायला हवी होती. युद्ध संपले, धोका संपला, अधिक वेगवान विमाने आली, तेव्हा या समुद्राने आपला बळी घेतलाच. मार्च १९४६ मध्ये क्वांटासचे लँकॅस्ट्रियन जातीचे चार इंजिनांचे विमान कोलंबोहून कोकोसकडे येताना दहा जणांसह नाहीसे झाले. त्याचा मागमूस लागला नाही.

लँकॅस्ट्रियनची सेवा मे १९४५ च्या अखेरीस सुरू झाली होती. लर्मंथ, रत्मलाना, कराची, पॅलेस्टाइनमधले लिडा असे करत सिडनी ते इंग्लंड साधारण तीन दिवसांत. १९३८ चे नऊ-दहा दिवस ते १९४५ चे तीन दिवस! पण या तीन दिवसांच्या विमानात प्रवाशांना जागा जेमतेम नऊ. डिसेंबर १९४७ मध्ये क्वांटासने कॉन्स्टेलेशन विमाने घातली. त्यांत २९ प्रवासी बसत, आणि ती सिडनीहून डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो, त्रिपोलीमार्गे चार दिवसांत लंडनला पोचत. चार दिवस, म्हणजे आधीच्यापेक्षा एक दिवस जास्त. विमान जास्त चांगले, तरी वेळ जास्त. कारण सिंगापूर मोकळे झाले होते. बेटांची वाट उघडली होती. आता पुन्हा थोडे इंधन, जास्त माणसे हा जुना हिशेब करता येत होता, रात्री हॉटेलात झोपता येत होते. महासागरावरची सरळ रेघ कोणालाच नको होती. युद्धाने ती ओढायला लावली होती, शांततेने ती पुसली.

पाच कॅटालिनांचे काय झाले? त्या अमेरिकेकडून उसनवारीच्या कराराने आलेल्या होत्या, आणि करारानुसार युद्धानंतर त्या वापरातून काढून नष्ट करणे भाग होते. त्यांतल्या बहुतेक पर्थसमोरच्या रॉटनेस्ट बेटाजवळ खोल समुद्रात बुडवण्यात आल्या. एक तरी ठेवायला हवी होती, असे कोणत्याही विमानवेड्याला वाटेल. मलाही वाटते.

पर्थहून थेट लंडन ही कल्पना प्रत्यक्षात यायला मार्च २०१८ उजाडला. क्वांटासचे बोइंग ७८७ सुमारे साडेचौदा हजार किलोमीटरचे अंतर सतरा तासांच्या थोड्या वर वेळात न थांबता जाऊ लागले. सिडनीहून थेट लंडन आणि न्यूयॉर्क गाठण्याच्या योजनेला तर कंपनीने १९४३ च्या त्या सेवेची आठवण ठेवून सूर्योदयाचेच नाव दिले आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यूयॉर्क ते सिडनी चाचणी उड्डाण झाले, १९ तास १६ मिनिटांचे. दोनशेहून अधिक माणसांच्या विमानात त्या दिवशी पन्नासच्या आसपास माणसे होती. पूर्ण भरले असते तर इंधन पुरले नसते. पुढच्या नियमित उड्डाणांसाठी मागवलेल्या एअरबस ए-३५० विमानांत २३८ आसने ठेवायची ठरली आहेत. एरवी त्या जातीच्या विमानात साडेतीनशेच्या आसपास प्रवासी बसतात.

आणि आकाश कोणाच्या ताब्यात आहे हा प्रश्नही सुटलेला नाही. २०२२ मध्ये रशियाचे आकाश बंद झाल्यावर हेलसिंकी–टोकियो विमाने उत्तर ध्रुवावरून जाऊ लागली. साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांचा झाला, आणि फिनलंडच्या विमान कंपनीने प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याची प्रमाणपत्रे दिली. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानचे आकाश भारतीय विमानांना बंद झाले. तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला निघालेल्यांना युरोपात मध्येच इंधनासाठी थांबावे लागले. त्याच्या वर्षभर आधी, एप्रिल २०२४ मध्ये, इराणभोवतीच्या तणावामुळे क्वांटासला पर्थ–लंडन मार्ग काही काळ बदलावा लागला. वळसा मोठा झाला. तेवढ्या वळशाला पुरेल इतके इंधन घेऊन सगळे प्रवासी नेणे जमेना. मग विमान पर्थहून सिंगापूरला उतरून इंधन घेऊ लागले आणि तिथून लंडनला जाऊ लागले. लंडनहून पर्थकडे येणारे विमान मात्र न थांबताच येत राहिले, कारण त्या दिशेला वारा पाठीशी असतो.